सूतभर बाहेरची पिन

अडुसष्ट वर्षांच्या बाईला कुणी धाकटी म्हणावे, हे तसे विचित्रच. पण ते नाव पडले तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती आणि स्टुडिओतल्या सातजणांत वयाने सर्वांत लहान होती. हे सातजण चित्रपटांना गर्दीचा आवाज पुरवत. पडद्यावर बाजार दिसला की कलकलाट, दवाखाना दिसला की व्हरांड्यातली कुजबुज, संप दिसला की घोषणा. चित्रीकरणाच्या वेळी हे आवाज नीट मिळत नाहीत, म्हणून ते मागाहून बंद खोलीत, पडद्याकडे पाहत करावे लागतात. सातजणांनी एकदा बोलायचे, मग त्याच आवाजावर दुसऱ्यांदा, मग तिसऱ्यांदा. सहा फेऱ्या झाल्या की सातांचे दोनशे झाल्यासारखे वाटत. बांगड्या किणकिणतात म्हणून बायका त्या काढून ठेवत, आणि पावले वाजू नयेत म्हणून सगळे नुसत्या मोज्यांवर उभे राहत.

कामाचा नियम एकच होता आणि ध्वनिमुद्रक तो पहिल्याच दिवशी सांगे. गर्दीतले एकही वाक्य सुटे ऐकू येता कामा नये. आले, तर गर्दी फसली. धाकटीने हा नियम सदतीस वर्षे पाळला. परिणाम असा की तिचा आवाज शेकडो चित्रपटांत होता आणि तो कुठे आहे हे कुणालाच, अगदी तिलाही, बोट ठेवून दाखवता येत नव्हते. पुतण्या लहान असताना टीव्हीला कान लावून विचारी, “आत्या, यात तू कुठेयस?” ती सांगे, “आहे तिथेच कुठेतरी.” पुढे त्याने विचारणे सोडले. आत्या थोडे वाढवून सांगते, अशी घरात सगळ्यांची समजूत झाली होती, आणि ती समजूत खोडून काढायला तिच्याकडे वह्यांखेरीज काही नव्हते.

वह्या अकरा होत्या. स्टुडिओतून घरी आल्यावर ती रोज त्यांत लिही: तारीख, चित्रपट, गर्दी कसली, किती जण, किती फेऱ्या, आणि आपण स्वतः काय बोललो. ‘बाजार. सातजण. पाच फेऱ्या. मी: घासाघीस, मग मुलाला रागावले.’ इतरांनी काय म्हटले ते ती लिहीत नसे. ऐकू आलेच नाही ते लिहायचे कसे, हा तिचा प्रश्न रास्त होता. गर्दीत उभा राहिलेला माणूस स्वतःच्या आवाजापुरताच साक्षीदार असतो. तिचा या गोष्टीवर इतका कटाक्ष होता की एखाद्या दिवशी आपण काय बोललो ते आठवले नाही, तर ती जागा कोरी ठेवी.

स्टुडिओ बंद होऊन आता बारा वर्षे झाली होती. ध्वनिमुद्रकाने जाताना तिला ऐकण्याच्या खोलीतला जुना अ‍ॅम्प्लिफायर आणि लाकडी स्पीकरची जोडी देऊन टाकली होती. दुसऱ्या मजल्यावरच्या तिच्या दीड खोलीत त्या दोन पेट्यांनी निम्मी भिंत अडवली. काही वर्षे त्यावर रेडिओ लागे, मग रेडिओ बिघडला आणि एका पेटीवर दिवा आला, दुसरीवर औषधाचा डबा. लग्न तिने केले नव्हते. विचारणारे आले होते, पण कुणी दुसऱ्यांदा विचारायला आले नाही आणि तिनेही वाट पाहिली नाही. दिवसाकाठी तिच्या तोंडून मोजकी चार वाक्ये बाहेर पडत, त्यांतली दोन दूधवाल्याशी. कधी कधी भाजी चिरताना ती नकळत बाजाराचा कलकलाट पुटपुटू लागे; मग लक्षात येई की एकटीने केलेला कलकलाट ही गर्दी होत नाही, नुसते पुटपुटणेच होते, आणि ती गप्प होई.

गुरुवारी दुपारी फोन वाजला. पलीकडे थोरलीची लेक होती.

थोरली तिची कुणी सख्खी नव्हे. सातांमधली दुसरी बाई, तिच्याहून सहा वर्षांनी मोठी. दोघी कायम एका मायक्रोफोनपाशी उभ्या राहत, म्हणून एक थोरली नि एक धाकटी. काम सुटले की धाकटी घाईघाईने चपला घाली आणि कागद वाचायचा चष्मा हटकून स्टँडवर विसरे. मग जिन्यावरून थोरलीची हाक येई, “धाकटे, चष्मा राहिला गं.” धाकटीला चष्मा लागल्यापासून अठरा वर्षे रोज. धाकटी चिडे, पण चष्मा विसरण्यात तिने कधी खंड पडू दिला नाही.

त्या दोघी गेली एकोणीस वर्षे बोलत नव्हत्या. झाले ते एवढेच, की एका चित्रपटात नायिकेच्या आईला आवाज द्यायला बाई हवी होती. खरा आवाज, वाक्यांचा, ऐकू येणारा. धाकटी तापाने घरी पडली होती त्या दिवशी थोरलीने जाऊन चाचणी दिली आणि काम मिळवले. काम मिळवल्याचे धाकटीला वाईट वाटले नाही, किंवा वाटले असले तरी तिने ते गिळले असते. पण थोरली तापात तिला बघायला आली, उशाशी बसली, कपाळावरची पट्टी बदलली आणि त्याबद्दल एक अक्षर बोलली नाही. धाकटीला ते आठवड्याने तिसऱ्याकडून कळले. व्हरांड्यात तिने थोरलीला सगळ्यांदेखत विचारले, की इतक्या वर्षांत मी तुझी कोण लागत होते? थोरली म्हणाली की कोण लागत होतीस हे तुला ठाऊक नसेल, पण फाटकाच्या सीनला मी हाक कुणाला मारली ते आठव; तुलाच मारली होती.

धाकटी तेव्हा म्हणाली होती, “गर्दीत कोण काय ओरडलं, त्याला पुरावा काय?”

तेच त्यांच्यातले शेवटचे वाक्य ठरले.

आता थोरलीची लेक सांगत होती की आईच्या घशाचे ऑपरेशन झाले आहे आणि आवाज गेला आहे. ऐकू सगळे येते, पण बोलता येत नाही; काही हवे असले की पाटीवर लिहिते. “काल तुमचं नाव लिहिलं, मावशी. दोनदा लिहिलं. एकदा येऊन जाल का?” डॉक्टर काय म्हणतात, असे धाकटीने विचारले. डॉक्टर विचारलेल्या प्रश्नाला बगल देतात, असे लेक म्हणाली. धाकटीने “बघते” एवढेच सांगून फोन ठेवला.

बघते म्हणणे सोपे होते. पण एकोणीस वर्षे थोरलीच्या घराच्या ज्या जिन्यावर पाऊल टाकले नाही तो चढायचा, तर काहीतरी धरून चढायला हवे. नुसत्या दयेपोटी जावे हे तिला पटेना, आणि न जावे तर घास गोड लागेना. तिने सातवी वही काढली. फाटकाची नोंद होती: ‘कारखान्याचे फाटक, आगीच्या अपघातानंतर. सातजण, सहा फेऱ्या. दोन मायक्रोफोन, मी डावीकडे, थोरली उजवीकडे. मी: दादा, दादा.’ त्या दिवशी ध्वनिमुद्रकाने एकदाच वेगळी सूचना दिली होती. बाहेर जमलेले लोक आतल्या आपापल्या माणसाला हाका मारतात, तेव्हा प्रत्येकाने आपल्या खऱ्या माणसाला हाक मारा, म्हणाला. खोटे नाव खोटेच वाजते. धाकटीने भावाला हाक मारली होती. थोरली त्या दिवशी दुसऱ्या मायक्रोफोनपाशी, तिच्यापासून दहा हातांवर, पाठमोरी होती. तिने काय म्हटले ते वहीत नव्हते.

त्याच संध्याकाळी टीव्हीवर येणाऱ्या चित्रपटांची यादी सरकत गेली आणि तिला त्या फाटकाच्या चित्रपटाचे नाव दिसले. रविवारी दुपारी तीन, पुन्हा सोमवारी सकाळी दहा. इंटरनेटवर तो चित्रपट नव्हता. पुतण्याने मागे तिच्यासाठी शोधून पाहिला होता आणि हात टेकले होते. म्हणजे ऐकायचे तर या दोनच वेळा. टीव्ही पुतण्यानेच घेऊन दिलेला, पाटीसारखा सपाट, आणि त्याचा आवाज मागच्या भिंतीकडे तोंड करून बोलल्यासारखा येई. बातम्यांना तो पुरे. गर्दीच्या पोटातली एक हाक त्यात ऐकू येणे शक्य नव्हते.

शनिवारी तिने खालच्या दुरुस्तीवाल्याला वर बोलावले. त्याचे दुकान तिच्या खिडकीखालीच होते आणि बोलणे तिखट असले तरी हात स्वच्छ होता. त्याने पेट्या पाहिल्या, टीव्हीची पाठ पाहिली आणि मान हलवली.

“काकू, एक शंभर वर्षांचं आणि एक परवा जन्मलेलं. यांची सोयरीक जमवायची म्हणता?”

जमवायला दोन वाटा होत्या, त्याने सांगितले. टीव्हीच्या मागे उजेडाने आवाज पाठवणारे चौकोनी भोक होते, पण त्या भाषेतले अ‍ॅम्प्लिफायरला ओ की ठो कळले नसते. मध्ये दुभाषी डबी लागली असती आणि ती मागवायला आठवडा. दुसरी वाट साधी होती: टीव्हीच्या कडेला हेडफोनचे भोक असते, तिथून एक वायर काढायची, तिचे दुसरे टोक दुहेरी, लाल नि पांढरे, ते अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीत. तिने दुसरी वाट निवडली.

वायर लावली, अ‍ॅम्प्लिफायरचा दिवा लागला, पेट्यांनी घसा खाकरल्यासारखे केले. टीव्हीवर बातम्या देणारी बाई दिसत होती. तिचे ओठ हलत होते आणि शब्द एकही येत नव्हता. तिच्यामागची धून मात्र येत होती, पोकळ, विहिरीतून आल्यासारखी.

दुरुस्तीवाला चुकचुकला. पिन पूर्ण आत गेली नव्हती. तिचे रबरी टोपण जाड होते आणि भोक खोलगट, म्हणून पिन सूतभर बाहेरच अडली होती, तांदळाच्या दाण्याएवढी. त्याने ब्लेडने टोपण तासता तासता कारणही सांगितले. पिनीवर तीन कडी असतात, एक डाव्या पेटीचे, एक उजव्या पेटीचे, आणि तिसरे परतीच्या वाटेचे. परतीचे टेकले नाही, की डावे-उजवे एकमेकांतून वजा होतात. दोन्हीकडे सारखे असेल ते पुसले जाते. बोलणारा माणूस नेहमी मधोमध ठेवलेला असतो, म्हणजे दोन्हीकडे सारखाच. म्हणून बाई मुकी झाली.

“मग उरतं काय?” धाकटीने विचारले.

“उरतो कचरा. कडेचं काहीबाही.” त्याने पिन दाबली, कट असा बारीक आवाज झाला, आणि बातम्यांची बाई वाक्याच्या मध्यातून बोलू लागली. “आता कशी सोन्यासारखी बोलतेय बघा.”

रविवारी तीनला पाच मिनिटे असताना धाकटी वही, पेन आणि चष्मा घेऊन दोन पेट्यांच्या बरोबर मधोमध खुर्ची टाकून बसली. ध्वनिमुद्रक असाच बसे. आवाज भरदार होता. इतक्या वर्षांनी त्या लाकडातून माणसे बोलताना ऐकून तिला क्षणभर ती खोली, तो गालिचा, मोज्यांतले सात जोड पाय, सगळे समोर आले. चार वाजून सात मिनिटांनी फाटक दिसले. तिने घड्याळ पाहून वेळ लिहून घेतली. गर्दी उसळली आणि त्याच क्षणी नायक पेटीवर चढून भाषण करू लागला. भाषण चार मिनिटांचे, त्याखाली व्हायोलिने. गर्दी त्यामागे होती, पण अशी, जशी पडद्यामागे हवा असते. धाकटीने डोळे मिटले, कान टवकारले, उजव्या पेटीपाशी जाऊन गुडघ्यांवर बसली. नायकाचे कष्टकऱ्यांविषयीचे विचार सोडले तर तिला काहीही ऐकू आले नाही.

तिने वहीच्या समासात लिहिले: ‘ऐकले. आढळले नाही.’

एक प्रकारचे समाधान वाटले, हे तिने स्वतःपाशी कबूल केले. एकोणीस वर्षे आपण म्हणत होतो तेच खरे ठरले. पण ते समाधान चहाचा कप संपेपर्यंतही टिकले नाही, कारण तिच्या काटेकोर डोक्यात एक पाल चुकचुकली. आढळले नाही आणि नव्हते, या दोन गोष्टी एक नव्हेत. तिने आपल्या वह्यांत हा फरक जन्मभर पाळला होता, आणि आता स्वतःच्या सोयीसाठी ती तो पुसायला निघाली होती. गर्दी बुजवली होती ती नायकाने. नायक होता मधोमध. आणि काल तिच्या डोळ्यांदेखत, याच खोलीत, मधोमध असलेले माणूस नाहीसे झाले होते. मग उरले होते ते कडेचे काहीबाही.

कपबशी तशीच ठेवून ती टीव्हीपाशी गेली आणि कडेच्या पिनीवर बोट टेकवून उभी राहिली. ज्याला तो दुरुस्तीवाला कचरा म्हणाला, तिथेच ती आयुष्यभर उभी होती. डावीकडे ती, उजवीकडे थोरली.

सोमवारी तिने हिशेब केला की दहाचा चित्रपट, म्हणजे फाटक अकरा सात. पण सकाळी जाहिराती कमी असतात हे तिने धरले नव्हते. अकराला सात कमी असताना ती स्वयंपाकघरात गॅस बंद करत होती आणि मागून भोंगा ऐकू आला. अपघाताचा भोंगा. ती धावली. चष्मा टीव्हीवरच्या फळीवर होता, तिकडे पाहायलाही वेळ नव्हता. तिने कडेला हात घालून पिन चिमटीत धरली आणि ओढली. पिन पुरती निघाली आणि टीव्ही आपल्या पातळ आवाजात बोंबलू लागला. पुन्हा खुपसली. कट. नायक पेटीवर चढला. “बंधूंनो,” तो म्हणाला, आणि तिने श्वास रोखून पिन सूतभर मागे घेतली.

नायकाचे तोंड हलत राहिले. शब्द गेले होते. व्हायोलिनांची नुसती घुमी उरली होती आणि आजवर पडद्यामागे झाकून राहिलेली ती गर्दी उघडी पडून खोलीत शिरली. भिंतीतून, कपाटामागून, कुठूनही येत होती. दोनशे माणसे, म्हणजे सातजण. तिने एकेकाला ओळखले. कफ झालेला तो खर्जातला आवाज ड्रायव्हरांचे काम करणाऱ्याचा, तो गेला. ‘बाबा, बाबा’ करणारा पोरगेला आवाज प्रत्यक्षात पन्नाशीच्या गृहस्थाचा, तोही गेला. मग ‘दादा, दादा’ अशी कुणी बाई ओरडली आणि ती कोण हे कळायला धाकटीला निमिष लागले. सदतीस वर्षांच्या कामात पहिल्यांदाच ती स्वतःला सापडली होती.

तिचा हात भरून आला होता. पिन दाण्याभर इकडेतिकडे झाली की खरखर होई, म्हणून ती अंग आखडून उभी होती, गाल टीव्हीच्या कडेला टेकवून, चित्राकडे पाठ. आणि तेव्हा ते आले. चौथ्या की पाचव्या फेरीतले असावे, कारण आवाज दमलेला होता. माणसे दमली की काहीही बोलतात, गर्दीत कोण ऐकतो म्हणून.

“धाकटे,” उजवीकडची बाई ओरडत होती, फाटकाच्या गजांतून, आगीत अडकलेल्या आपल्या माणसाला ओरडावे तशी, जीव तोडून. “ए धाकटे, चष्मा राहिला गं तुझा!”

मग जाहिरात लागली.

धाकटी घरोघर असते. त्या एका हाकेवर तिने विश्वास ठेवला नसता. पण जळत्या कारखान्याच्या फाटकाशी उभे राहून चष्म्याची आठवण करून देणारी बाई जगात एकच होती. तिला हसू आले. बराच वेळ तिने पिन सोडली नाही.

मग तिने फळीवरचा चष्मा लावून सातवी वही उघडली. फाटकाच्या नोंदीखाली तेवीस वर्षे दोन ओळींची जागा कोरी होती. तिथे तिने आजची तारीख घालून लिहिले: ‘थोरली: धाकटे, चष्मा राहिला गं तुझा. ऐकले. एकदाच.’ रविवारची नोंद तिने खोडली नाही. तीही खरीच होती.

फोन थोरलीच्या लेकीने उचलला. धाकटी म्हणाली की आईच्या कानाला लाव. सरकवल्याचा आवाज झाला, मग नुसता श्वास ऐकू येऊ लागला, जाड, घशातल्या नळीतून येणारा. काय बोलायचे ते धाकटीने ठरवले नव्हते. ज्या बाईला उत्तर देता येत नाही तिच्याशी बोलायचे म्हणजे रिकाम्या खोलीत बोलण्यासारखेच, आणि ते तर तिला चांगले जमत होते.

“थोरले,” शेवटी ती म्हणाली. “फाटकाचा सीन ऐकला मी. अगं, माणसं मरतायत आत आणि तुझं काय चाललंय?”

श्वास थांबला. मग भराभर, अडखळत येऊ लागला. ते हसणे होते की खोकला, हे फोनवरून सांगता येत नव्हते, आणि धाकटीने त्यातले कुठलेही एक धरून चालायचे टाळले. “येते मी,” ती म्हणाली. “आत्ताच निघते.” आणि फोन ठेवला.

खाली दुरुस्तीवाल्याने दुकानातूनच हटकले. आवाज ठीक येतोय ना, असे त्याने विचारले. ती म्हणाली की उत्तम येतो, फक्त पिन मी जरा बाहेर काढून ठेवली आहे, तिला हात लावायचा नाही. तो म्हणाला, “काकू, मग बोलणारी माणसं ऐकू येणार नाहीत तुम्हाला.” ती म्हणाली, “त्यांचं पुष्कळ ऐकलं.”

बसथांब्यावर चार माणसे उभी होती, चौघेही आपापल्या फोनमध्ये मान घालून. धाकटी रांगेत उभी राहिली. थोरली पाटीवर लिहील, तेव्हा ते वाचावे लागेल, असे तिच्या मनात आले, आणि तिने पिशवीत हात घातला. मग बाहेरच्या कप्प्यात. मग पुन्हा आत, रुमालाखाली, वहीखाली. बस समोरून वळण घेत होती. मागून कुणी हाक मारेल म्हणून, सवयीने, तिने क्षणभर वळून पाहिले; रस्त्यावर कुणीच नव्हते.

बस तिने जाऊ दिली. दोन मजले चढून वर आली, कुलूप काढले. चष्मा टीव्हीवरच्या फळीवर होता. टीव्ही ती बंद करायची विसरली होती. पडद्यावर कुणीतरी कुणालातरी कळवळून काही सांगत होते, त्यांचा आवाज मुळीच नव्हता, आणि दोन्ही पेट्यांतून लांबवरची गर्दी बोलत होती. तिने चष्मा उचलला, पिशवीत खोल घातला, आणि टीव्ही तसाच चालू ठेवून दार ओढून घेतले.